फुटलेले पार्सल आणि हरवलेला पुरावा

बुलढाणा शहराला रेल्वे नाही. मुंबई–हावडा मार्ग जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागातून, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा जातो. जलंबहून एक फाटा खामगावला पोहोचतो आणि तिथेच थांबतो. घाटावरच्या बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगाव राजा या सहा तालुक्यांत जे पार्सल येते, ते रस्त्यानेच येते. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून मुंबई आणि नागपूर दोन्ही जवळ आले खरे, पण महामार्ग सोडल्यानंतरचा शेवटचा टप्पा जुनाच आहे. घाटाखालून येणाऱ्या मालाला राजूर घाटाची किंवा बोथ्याच्या घाटाची वळणे, मग ताडपत्री टाकलेला टेम्पो, झेरॉक्स आणि रिचार्जच्या दुकानातच चालणारे कुरिअरचे काउंटर आणि शेवटी दुचाकीवरची फुगलेली पाठपिशवी. चालत्या गाडीत खोका जेवढा हलतो त्यापेक्षा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तो जास्त आपटतो, आणि लहान गावाकडे जाणाऱ्या मालाचे हात नेहमीच जास्त असतात. त्यामुळे फुटलेल्या पार्सलचे काय करायचे हा प्रश्न महानगरापेक्षा अशा जिल्ह्यात अधिक वेळा आणि अधिक गैरसोयीच्या जागी उभा राहतो. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘ग्राहक कायदा आहे, तक्रार करा’. सल्ला चुकीचा नाही, पण तो दोन मिनिटे उशिरा येतो. कायदा ग्राहकाच्या बाजूने बऱ्यापैकी उभा आहे. तो ज्या पुराव्यावर चालतो तो पुरावा मात्र दारातल्या त्या दोन मिनिटांतच नाहीसा होतो, आणि डिलिव्हरीची आजची पद्धत तो नाहीसा व्हायला मदत करते.

आधी कायद्याची बाजू पाहू, कारण ती समजली जाते त्यापेक्षा भक्कम आहे. माल वाहून नेणाऱ्याची जबाबदारी भारतात 1865 च्या वाहक कायद्याने ठरवली होती. त्याची जागा 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्याने घेतली आणि तो 1 मार्च 2011 पासून लागू झाला. ‘सार्वजनिक वाहक’ कोण हे सांगताना या कायद्याने कुरिअर एजन्सीचे नाव स्पष्ट घेतले आहे आणि एजंट, दलाल, कंत्राटदार यांनाही त्यात ओढले आहे. म्हणजे ‘आम्ही फक्त फ्रँचायझी आहोत, मुख्य ऑफिसला विचारा’ हे मेहकरच्या काउंटरवरचे उत्तर सोयीचे असले तरी जबाबदारी टाळायला पुरेसे नाही. वाहतुकीत माल खराब झाला तर वाहक जबाबदार, हा या कायद्यातला सर्वसाधारण नियम. अपवाद मोजकेच आहेत: दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, कायदेशीर जप्ती, सरकारी मनाई. तिथेही योग्य काळजी घेऊन नुकसान टळले असते तर वाहक सुटत नाही. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे दावा लावणाऱ्याने वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. माल नीट दिला होता आणि तो फुटून मिळाला एवढे दिसले की पुढचे उत्तर वाहकाने द्यायचे. हे तत्त्व 1865 पासून चालत आले आहे आणि ते ग्राहक मंचापुढेही लागू होते असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा या प्रकरणात सांगितले. तिथे वाहतूक कंपनीच्या ताब्यात असताना माल आगीत जळाला होता. त्याच वर्षी नाथ ब्रदर्स प्रकरणात न्यायालयाने आणखी एक पळवाट अरुंद केली. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का मारला म्हणून वाहकाची निष्काळजीपणाची जबाबदारी संपत नाही, असा तो निकाल होता.

मग एवढे सगळे असताना भरपाई मिळत का नाही? कारण ‘माल फुटून मिळाला’ हे वाक्य सिद्ध करण्याचे काम ग्राहकाकडेच उरते. वाहकाचा दोष सिद्ध करायचा नाही, पण नुकसान वाहकाच्या ताब्यात झाले, आपल्या घरात नव्हे, एवढे तरी दाखवावे लागते. पूर्वी पोचपावतीच्या कागदावर सही करताना त्याच सहीशेजारी दोन शब्द लिहिता येत असत. ‘खोका दबलेला’, ‘एक बाजू ओली’ एवढे शब्द पुढच्या सगळ्या वादात पुरत. आता सहीऐवजी बहुतेक ठिकाणी ओटीपी असतो किंवा मोबाइलच्या काचेवर बोटाने ओढलेली रेघ. ओटीपी सांगितला की कंपनीच्या नोंदीत एकच गोष्ट उरते: पार्सल दिले, अमुक वाजता, ग्राहकाच्या संमतीने. कोणत्या अवस्थेत दिले याला त्या पडद्यावर जागाच नसते. कायद्याने जो भार वाहकाच्या खांद्यावर ठेवला होता, तो चार आकड्यांनी परत ग्राहकाच्या खांद्यावर येतो. यात कोणाचा कट आहे असे म्हणण्याची गरज नाही. वेग वाढवण्यासाठी केलेल्या व्यवस्थेचा तो परिणाम आहे. पण परिणाम एकाच बाजूला झुकतो, आणि झुकण्याचा फायदा ज्याला होतो तो ती व्यवस्था आपणहून बदलणार नाही.

दुसरी अडचण रकमेची. भरपाई मिळायची ठरली तरी किती? याच कायद्याखालच्या 2011 च्या नियमांनी वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित केली आहे आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. समजा एखाद्या शेतकऱ्याने सहा हजारांचा बॅटरीवरचा फवारणी पंप मागवला आणि त्याचे भाडे दीडशे रुपये आहे. नियमाने हिशेब दीड हजारावर थांबतो. कुरिअर कंपन्यांच्या स्वतःच्या छापील अटी तर अनेकदा याहून खाली, शंभर-दोनशे रुपयांवर येतात. या अटी कितपत बांधतात यावर जो निकाल नेहमी पुढे केला जातो तो 1996 चा भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल. परदेशी खरेदीदाराला पाठवलेले कागद वेळेत पोहोचले नाहीत आणि नुकसान मोठे झाले, पण पावतीवरच्या अटीप्रमाणे जबाबदारी शंभर डॉलरपुरतीच असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, कारण त्या कागदावर ग्राहकाची सही होती. कंपन्या या निकालाचा पूर्वार्ध सांगतात; उत्तरार्ध, म्हणजे सहीचा भाग, सांगत नाहीत. त्यानंतर ग्राहक आयोगांपुढे आलेल्या अनेक प्रकरणांत नेमका हाच फरक निर्णायक ठरला: अटी पावतीच्या मागे मुंगीच्या अक्षरात छापलेल्या, ग्राहकाची सही नाही, कोणी समजावून सांगितलेले नाही, तर त्या अटी बांधणार नाहीत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अन्याय्य करार’ ही कल्पना आणून आणखी एक पाऊल टाकले. मात्र अन्याय्य अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला दिलेला नाही. तो राज्य आणि राष्ट्रीय आयोगाकडे आहे. बुलढाण्याच्या माणसाला त्यासाठी राज्य आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे पाहावे लागते. हजार-दोन हजारांसाठी नागपूर कोण गाठणार?

इथे कुरिअर व्यवसायाचा आक्षेप ऐकायला हवा, कारण तो पोकळ नाही. साठ रुपयांत पार्सल नेणाऱ्याने साठ हजारांची जोखीम का घ्यावी? खोक्यात काय आहे हे त्याला माहीत नसते, त्याने ते उघडून पाहायचे नसते, आणि सगळ्यांची जोखीम भाड्यात मिसळली तर साधे कागद पाठवणाऱ्यालाही जास्त पैसे मोजावे लागतील. हे खरे आहे. पण याचे उत्तर कायद्यातच लिहिलेले आहे. जास्त जोखमीचा वेगळा दर ठेवण्याची आणि तो ग्राहकाने स्वीकारला तर मर्यादा वर नेण्याची तरतूद 2007 च्या कायद्यात आहे. पाठवणाऱ्याने मालाची किंमत जाहीर करायची आणि वाहकाने पावती द्यायची, हेही त्यात आहे. दोन दर समोर ठेवून ग्राहकाने स्वस्त दर निवडला असेल, तर मर्यादित भरपाईबद्दल त्याने कुरकुर करू नये, हे मी मान्य करीन. प्रश्न असा की दुसरा दर काउंटरवर सांगितला जातो का? न दिलेली निवड ग्राहकाने केली असे धरून मर्यादा लावणे हा सौदा नव्हे. किंमत आणि हेतू सांगण्याला कायद्यात किती वजन आहे हे 1872 च्या करार कायद्यातल्या एका उदाहरणावरून दिसते. गिरणी बंद आहे असे सांगून यंत्र वाहकाकडे दिले आणि त्याने विनाकारण उशीर केला, तर गिरणी बंद राहिल्याच्या काळातला सरासरी नफा मागता येतो; पण त्या उशिरापायी हातचे गेलेले सरकारी कंत्राट मागता येत नाही. या विचाराचे मूळ 1854 च्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या इंग्रजी खटल्यात, गिरणीच्या मोडलेल्या दांड्यात आहे. जुलैत सोयाबीनवर फवारणी अडली असताना येणाऱ्या पंपालाही तेच तत्त्व लागू पडावे. मात्र त्यासाठी निकड बुकिंगच्या वेळीच सांगितलेली असावी लागते, आणि ती लेखी असलेली बरी.

पॅकिंगचा आक्षेप मात्र थोडक्यात निकालात निघतो. ‘पॅकिंगच कच्चे होते’ हे वाक्य प्रत्येक तक्रारीवर ठरलेले असते. कच्चे पॅकिंग हे खरोखर नुकसानीचे कारण असू शकते, आणि काचेची बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवणाऱ्याने वाहकाकडे बोट दाखवू नये. परंतु कायद्याच्या अपवादांच्या यादीत पॅकिंग नाही, आणि ज्याने पैसे घेऊन, खोका हातात तोलून, काहीही शेरा न मारता पार्सल स्वीकारले त्याला नंतर पॅकिंग आठवणे शोभत नाही. कच्चे वाटले तर घेऊ नये किंवा पावतीवर तसे लिहावे. वस्तूंच्या विक्रीचा 1930 चा कायदा तर विक्रेत्यालाही यात धरतो: मालाचे स्वरूप पाहून वाहकाशी वाजवी करार करण्याचे काम विक्रेत्याचे, तो चुकला आणि माल बिघडला, तर वाहकाच्या हाती माल दिला म्हणजे आपल्याला दिला असे मानायला खरेदीदार नकार देऊ शकतो.

टपालखात्याचा भाग वेगळा, आणि या जिल्ह्यासाठी सर्वांत विसंगत. सातपुड्याच्या पायथ्याची संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतली गावे घ्या. खासगी कुरिअर अशा ठिकाणी तालुक्याच्या गावी येऊन थांबते आणि फोनवर ‘येऊन घेऊन जा’ म्हणते. पोस्टमन मात्र दारापर्यंत जातो. म्हणजे जी सेवा सर्वांत दूर पोहोचते, तिचीच कायदेशीर जबाबदारी सर्वांत कमी. 2007 च्या कायद्याने ‘वाहक’ या व्याख्येतून सरकारला वगळले. 1898 च्या टपाल कायद्याने खात्याला हरवणे, उशीर आणि नुकसान यांच्या जबाबदारीतून मुक्त ठेवले होते, फक्त जेवढी जबाबदारी खात्याने स्वतः शब्दांत घेतली तेवढीच उरत होती. जून 2024 मध्ये लागू झालेल्या नव्या टपाल कायद्यानेही हे कवच काढलेले नाही. स्पीड पोस्टच्या वस्तूचे नुकसान झाल्यास भरपाईचे जुने सूत्र शुल्काच्या दुप्पट किंवा एक हजार रुपये, यांतले जे कमी असेल ते, असे आहे. त्यामुळे टपालाने मौल्यवान वस्तू पाठवताना विमा उतरवणे हाच खरा मार्ग राहतो. वसाहतीच्या काळात सरकारला खटल्यांपासून वाचवण्यासाठी केलेली तरतूद, पार्सलच्या धंद्यात खासगी कंपन्यांशी स्पर्धा करणाऱ्या खात्याने अजून अंगावर ठेवावी, हे मला पटत नाही. पत्र आणि व्यापारी पार्सल यांत कायद्याने भेद करायला हवा होता, तो नव्या कायद्यातही झाला नाही.

गंमत अशी की उपाय शोधायला परदेशात जावे लागत नाही. तो मलकापूरच्या मालधक्क्यावर आहे. 1989 च्या रेल्वे कायद्यात ‘ओपन डिलिव्हरी’चे स्वतंत्र कलम आहे. माल खराब अवस्थेत आला किंवा त्याला कोणी हात लावल्याची खूण दिसली आणि घेणाऱ्याने मागणी केली, तर रेल्वेने माल उघडून, पाहून, नोंद करून द्यायचा. द्यायचा, म्हणजे मर्जी असेल तर नव्हे. ट्रकवाल्यांच्या गोदामांतही खामगावच्या व्यापाऱ्याला हा शब्द नवा नाही. पेटी संशयास्पद दिसली की तो ओपन डिलिव्हरी मागतो, तूट लिहून घेतो आणि मगच बिल्टीवर सही करतो. टपालातही विमा उतरवलेली वस्तू संशयास्पद दिसली तर ती समक्ष उघडून यादी करण्याची पद्धत आहे. मोठ्या ऑनलाइन कंपन्यांनीही महागड्या मोबाइलसारख्या काही वस्तूंसाठी दारात खोका उघडून दाखवण्याची सोय सुरू केली, पण ती त्यांच्या मर्जीची, त्यांनी निवडलेल्या वस्तूंपुरती आणि निवडलेल्या पिनकोडपुरती. कुरिअरला लागू असलेल्या 2007 च्या कायद्यात असे कलम नाही. माझ्या मते सगळ्या प्रश्नातली मुख्य उणीव हीच आहे. भरपाईची रक्कम वाढवा, आयोग वाढवा, हे सगळे नंतरचे. वाहकाने डिलिव्हरीच्या नोंदीत ‘पार्सलची अवस्था’ असा एक रकाना ठेवावा, ग्राहकाने तिथे शेरा दिल्याशिवाय ओटीपी पूर्ण होऊ नये, आणि खोका बाहेरून खराब असेल तर उघडून घेण्याची मागणी नाकारता येऊ नये. नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला याच कायद्याने दिलेला आहे. कायद्यात हक्क घालायला संसद लागेल, पण नोंदीचा नमुना ठरवायला नियम पुरावेत.

यावर दोन हरकती येतील. पहिली वेळेची: डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला बऱ्याच ठिकाणी पार्सलमागे पैसे मिळतात, तो प्रत्येक दारात पाच मिनिटे थांबला तर त्याचा दिवस बुडेल. हरकत खरी आहे आणि म्हणूनच प्रत्येक पार्सल उघडावे असे मी म्हणत नाही. बाहेरून धड दिसणाऱ्या खोक्याला एका बोटाचा शेरा पुरे. वेळ लागेल तो दबलेल्या, ओल्या, चिकटपट्टी बदललेल्या खोक्याला, आणि तो वेळ कंपनीने मोजून द्यावा. दुसरी हरकत लबाडीची: ग्राहक आतली वस्तू बदलतात, जुनी वस्तू ठेवून नवी हडप करतात, आणि व्हिडिओही बनवतात. असे ग्राहक असतात हे कोणी नाकारू नये. पण लबाडीवर उतारा म्हणून समक्ष नोंदीपेक्षा चांगले साधन नाही. आज ग्राहक एकट्याने घरात व्हिडिओ काढतो आणि कंपनी त्यावर विश्वास ठेवत नाही. दोघांच्या डोळ्यांदेखत झालेली नोंद दोघांनाही नाकारता येणार नाही. तिचा आधार त्या मुलालाही मिळेल, कारण टेम्पोत फुटलेल्या वस्तूचा ठपका शेवटच्या हातावर ठेवणे सगळ्यांत सोपे असते.

ऑनलाइन खरेदीत ग्राहकाची स्थिती थोडी बरी आहे, आणि इथेच लोकांचा नेम चुकतो. आपण पैसे विक्रेत्याला दिलेले असतात. कुरिअर त्याने नेमलेला असतो. तेव्हा कुरिअरच्या काउंटरवर भांडत बसण्यात अर्थ नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचे असते. कंपनी सांगते ती माल परत करण्याची सात किंवा दहा दिवसांची मुदत तिच्या सोयीची. ग्राहक आयोगात जायला कायद्याने दोन वर्षे दिली आहेत. दारात पैसे देण्याचा व्यवहार असेल तर फुटका खोका न घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय. उलट घरगुती पाठवणीत, म्हणजे पुण्यात शिकणाऱ्या मुलीला चिखलीहून पाठवलेल्या लॅपटॉपच्या बाबतीत, कुरिअरच थेट जबाबदार, आणि पाठवणारे वडील तसेच घेणारी मुलगी दोघेही ग्राहक ठरू शकतात, कारण कायदा सेवेच्या लाभार्थ्यालाही ग्राहक मानतो. खासगी ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती पन्नास रुपये देऊन पाठवलेल्या पार्सलला मात्र पावतीच नसते. तिथे कायदा आहे, पण तो लावायला कागद नाही. आणि खामगावच्या चांदीसारख्या वस्तू साध्या कुरिअरने पाठवणाऱ्याने लक्षात ठेवावे की मौल्यवान धातू बहुतेक कंपन्यांच्या निषिद्ध यादीत असतात. वस्तू लपवून पाठवली तर भरपाईचा दावा तिथेच लंगडा होतो.

शेवटची हरकत सर्वांत व्यवहारी: आठशे रुपयांसाठी आयोगाची पायरी कोण चढेल? बहुतेक जण चढणार नाहीत, आणि चढू नये असेच मी म्हणेन. तेवढ्यासाठी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि कंपनीला पाठवलेला ईमेल पुरे. पण नुकसान मोठे असेल तर आयोग वाटतो तितका दूर नाही. 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करण्याची मुभा दिली, म्हणून लोणारचा माणूस बंगळुरूच्या कंपनीला बुलढाण्याच्या जिल्हा आयोगापुढे बोलावू शकतो, पावतीवर ‘फक्त दिल्लीच्या न्यायालयात’ असे छापलेले असले तरी. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल होते. तीन महिन्यांत निकाल ही कायद्यातली अपेक्षा आहे. प्रत्यक्षात वेळ त्याहून बराच लागतो. व्यापारासाठी माल पाठवणाऱ्यांना हा दरवाजा सहसा बंद आहे, त्यांना दिवाणी न्यायालयातच जावे लागते.

म्हणून नियम बदलेपर्यंत वाचकाने एवढे करावे. बुकिंगच्या पावतीवर मालाची खरी किंमत लिहून घ्यावी, खोका खराब दिसला तर ओटीपी सांगण्याआधी त्याचे सहाही बाजूंनी फोटो काढावेत, उघडताना लेबल दिसेल असा सलग व्हिडिओ घ्यावा आणि तो व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ फाइल पुसून टाकू नये, पॅकिंग टाकून देऊ नये, आणि त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवावे. वाहकावर दावा करायचा तर त्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि तिची मुदत 180 दिवसांची आहे. हे दिवस पार्सल हातात पडल्यापासून मोजत नाहीत, ते बुक केल्याच्या तारखेपासून मोजतात.